वागळे इस्टेटपासून परदेश

तुम्हाला २०१७ सालात न्यायचं आहे, आणि तेही साडेतीन फुटांच्या उंचीवरून सगळं बघायला. वर्षं मागे सारणं सोपं असतं, उंची कमी करणं अवघड; म्हणून ते आधी उरकू. तुमचं वाचता येणं मी काढून घेते. घड्याळ काढून घेते. ‘उद्या’ म्हणजे नक्की किती लांब, ते कळणंही काढून घेते. घराचा पत्ता, खिशातले पैसे, आपल्याला न विचारता कुणी उचलून नेणार नाही ही खात्री, सगळं इथेच ठेवा. आता मी तुम्हाला ‘तू’ म्हणणार, कारण साडेपाच वर्षांच्या पोरीला कुणी अहोजाहो करत नाही.

तुझं नाव मी सांगणार नाही. फायलीतलं नाव संस्थेनं ठेवलेलं आहे आणि लवकरच त्याच्यापुढे दुसरं एक नाव लागणार आहे. तू कुणी एक मुलगी नाहीस. दत्तक जाणाऱ्या अशा पुष्कळ मुलामुलींच्या पहिल्या दिवसांत जे जे होतं, ते मी तुझ्या एकटीच्या वाट्याला घालते आहे.

नोव्हेंबर आहे. दिवाळी होऊन गेली, तरी फडके रोडवर एखाद्या दुकानात अजून कंदील लटकतो आहे. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर तुझ्या तोंडासमोर फक्त पिशव्या आहेत, माणसांची तोंडं फार वर आहेत. एका बाजूला ताई, म्हणजे संस्थेतल्या सोशल वर्कर. दुसऱ्या बाजूला मावशी. संस्थेत मावश्या बऱ्याच आहेत, पण मानपाड्याहून येणारी ही तुझी. तुझ्या केसांना तेल हीच लावते, दुसरीनं हात लावला तर तू मान वळवतेस. आज तिनं तुला दोन वेण्या घातल्यात आणि कान उघडे ठेवलेत. फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत, असं ताईंनी बजावलं होतं.

दिव्यानंतर जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते. १९१६ सालचा बोगदा. अंधार झाल्याबरोबर डब्यातली पोरं ओरडतात, तूही ओरडतेस. मावशी ‘हळू गं’ म्हणते आणि हसते. ठाण्याला उतरून रिक्षा. तीन हात नाका मागे पडतो, आणि हवेचा वास बदलतो. तापलेलं लोखंड, यंत्राचं तेल, टपरीवरचा उकळलेला चहा. वागळे इस्टेट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ च्या १ ऑगस्टला स्थापन झालं, त्याचा समारंभ इथेच झाला होता आणि राज्याच्या औद्योगिक वसाहतींची सुरुवातही इथूनच झाली. त्या काळात आलेल्या कामगारांची नातवंडं आता किसननगर-श्रीनगरमध्ये राहतात. पत्र्याच्या शेड एकेक करून गेल्या आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. रस्त्यांना मात्र अजून नंबरच आहेत. ताई रिक्षावाल्याला सांगतात, ‘रोड नंबर बावीस, पासपोर्ट.’ त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या कित्येकांचा परदेश या रस्त्यावरच्या दोस्ती पिनॅकलमध्ये टोकन घेऊन सुरू होतो. दुबईला निघालेला फिटर, अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला निघालेली आजी, हज यात्रेची तयारी करणारे म्हातारे नवराबायको. आणि तू.

आत गारवा आहे. पडद्यावर आकडे बदलतात, लोक उठतात, लोक बसतात. पहिल्या खिडकीपाशी तुला खुर्चीवर उभं करतात, मग बसवतात, मग मावशीची पर्स खाली सरकवून उंची वाढवतात. ‘इकडे बघ. हसू नको.’ तू गोंधळतेस. गेला आठवडाभर संस्थेत जो तो तुला म्हणतोय, हस, आता तुझी मज्जा आहे. तू दात दाखवतेस. परत फोटो. पुढच्या खिडकीतले साहेब फाईल चाळतात, तुझ्याकडे बघतात, पुन्हा फायलीकडे बघतात, आणि फार मायेनं विचारतात, ‘कुठे चाललीस गं?’

‘आईकडे,’ तू म्हणतेस.

सगळ्यांना बरं वाटतं. शेजारच्या खिडकीतल्या बाईंचे डोळे भरून येतात. त्यांना कसं कळावं, की तुझ्यासाठी ‘आई’ म्हणजे एक अल्बम आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरचा, बारा पानांचा. पहिल्या पानावर पिवळ्या केसांची बाई आणि दाढीवाला माणूस. मग एक पलंग, त्याच्यावर बाहुली. मग लाल रंगाचं लाकडी घर, भोवती गवत. शेवटी एक काळा कुत्रा. रोज झोपताना ताई विचारतात, ‘ही कोण?’ आणि तू म्हणतेस, ‘आई.’ ‘हा कोण?’ ‘बाबा.’ उत्तर बरोबर आलं की ताई टाळ्या वाजवतात. तुझा खरा जीव जडलाय तो कुत्र्यावर.

तू इथवर कशी आलीस, ते तुला ठाऊक नाही; मी सांगते. तू सापडलीस तेव्हा बालकल्याण समितीसमोर तुला नेलं. तुझा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, खाली लिहिलं होतं की नातेवाइकांनी संपर्क साधावा. कुणी आलं नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी कायदा दोन महिन्यांची मुदत देतो, तुझ्या वयाला चार महिन्यांची. तेवढ्यात चौकशी पुरी करून समितीनं लिहून दिलं, की ही मुलगी दत्तक जायला कायद्यानं मोकळी आहे. मग दत्तकाचं काम बघणाऱ्या दिल्लीच्या ‘कारा’ या सरकारी यंत्रणेच्या यादीत तू आलीस. आपल्याकडच्या जोडप्यांना तुझी माहिती आधी दाखवली गेली. पण आपल्याकडे बाळ हवं असतं, तान्हं, काही न आठवणारं. तू पाच वर्षांची, आठवणींसकट. २०१७-१८ या वर्षात देशातल्या देशात ३,२७६ मुलं दत्तक गेली आणि परदेशात ६५१. त्या ६५१ मध्ये तुझ्यासारखी बरीच असतात: वयानं मोठी, नाहीतर भावंडांसकट असलेली, नाहीतर काही दुखणं घेऊन आलेली. परक्या देशानं तुला निवडलं, असं लोक म्हणतील. मला त्याआधीचं दिसतं. इथल्या किती घरांनी तुझं वय वाचून पुढचं पान उलटलं असेल, ते.

आता क्षणभर तुला आणखी मागे नेते. १९८२. सहार विमानतळ. एक बाई हातात दोन टोपल्या घेऊन निघाली आहे, दोन्हींत एकेक बाळ. ती त्यांची कुणी नाही. विमानात सोबत करायची आणि तिकडे ॲमस्टरडॅमला किंवा स्टॉकहोमला उतरल्यावर वाट बघत उभ्या असलेल्या जोडप्यांच्या हाती बाळं द्यायची, एवढंच तिचं काम. नव्या आईबापांनी इथे यायलाच हवं, अशी अट नाही. कोर्टातून १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम मिळवतात, मूल देशाबाहेर न्यायची परवानगी घेतात, आणि दत्तकविधान तिकडच्या कायद्यानं होतं. सर्व धर्मांना लागू होईल असा दत्तक कायदा करायचं विधेयक १९७२ मध्ये आलं, १९८० मध्ये पुन्हा आलं, दोन्ही वेळा राहून गेलं. मग लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, की परदेशी दत्तकाच्या नावाखाली काय चाललंय ते बघा. पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती भगवतींनी ६ फेब्रुवारी १९८४ ला निकाल दिला. आधी भारतीय घर शोधा. सरकारमान्य संस्थेमार्फतच द्या. घेणाऱ्यांच्या घराची चौकशी करा. जन्मदात्रीला पुरतं समजावल्याशिवाय तिची सही घेऊ नका. कारा आली ती त्यानंतर, १९९० मध्ये. २००३ मध्ये भारतानं परदेशी दत्तकाबाबतचा हेग करार मान्य केला.

त्या निकालात एक गोष्ट आहे, ती मला सारखी आठवते. मूल परदेशी जायचंच असेल, तर शक्यतो तीन वर्षांच्या आत जावं, म्हणजे नव्या वातावरणात रुजणं त्याला सोपं जाईल, असं न्यायालयानं म्हटलं होतं. तू साडेपाच वर्षांची आहेस. तुझी मुळं किती खोल गेलीत, ते मोजायचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये नाही.

डिसेंबर. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात बंद दाराआड सुनावणी होऊन हुकूम पासपोर्टच्या आधीच निघाला होता. आज ‘ते’ येणार. संस्थेत रांगोळी काढलीय. तुला जरीचा परकर-पोलका घातलाय, तो टोचतोय. दारात गाडी थांबते आणि अल्बममधली माणसं हलायला लागतात. बाई गुडघ्यावर बसते. तिच्या अंगाला साबणासारखा वास आहे. ती म्हणते, ‘नमस्कार बाळा.’ शब्द बरोबर आहेत, चाल चुकते. तू हसतेस, कारण सगळे तुझ्याकडे बघताहेत आणि तू शहाणी आहेस. ओवाळतात. पेढे वाटतात. बाकीची मुलं दाराला चिकटून उभी आहेत. एक मुलगा ताईंना विचारतो, ‘माझे कधी येणार?’

मावशी तुला गाडीत बसवते, सीटबेल्टपाशी उगाच चाचपडते आणि पटकन आत निघून जाते. मावश्यांना सांगितलेलं असतं, मुलांसमोर रडू नका. मला वाटतं, रडू द्यावं. आपण जाताना कुणी रडलं, ही आठवण मुलाला पुढे लागते.

हॉटेल वागळे इस्टेटमध्येच आहे. विमानतळाला जायला सोयीचं, उरलेल्या कागदांसाठीही सोयीचं. लोकांच्या हिशेबानं तू अजून भारतात, महाराष्ट्रात, ठाण्यातच आहेस. तुझा परदेश मात्र इथे, रूमचं दार बंद झालं तेव्हाच सुरू झाला. आजवर तू कधी एवढ्या शांत खोलीत झोपलेली नाहीस. संस्थेत रात्री कुणी खोकतं, कुणी झोपेत बडबडतं, कुणाचं तरी तान्हं रडतं, मोरीत नळ ठिबकत असतो. इथे एसीची घरघर तेवढी. पलंग मोठा आहे आणि त्यावर तू एकटी. बाई बाथरूममध्ये नेते. वरून पाऊस पडतो तशी आंघोळ! तुला बादली आणि तांब्या माहीत आहे, पाणी आपल्या हातानं घ्यायचं माहीत आहे. डोक्यावर न सांगता पाणी कोसळल्यावर तू ताठ होतेस. किंचाळत मात्र नाहीस. बाई घाबरून नळ बंद करते, खाली जाते आणि हाउसकीपिंगच्या पोराकडून खाणाखुणांनी एक बादली मागून आणते. तिचं हे पहिलं शहाणपण; मी मनात नोंद करते. दुसऱ्या दिवसापासून बादली.

खाणं बघ. सकाळी खाली बुफे लागतो. तू पाच उकडलेली अंडी खातेस, मग ब्रेड, मग पुन्हा अंडं. दाढीवाला खूश होतो, कशी छान जेवते. तू पोट भरतं म्हणून थांबत नाहीस, पोट दुखतं म्हणून थांबतेस. ताटं भरलेली असताना खाऊन घ्यावं, एवढं तुला फार आधीपासून कळतं, संस्थेच्याही आधीपासून. रात्री बाई चादर नीट करायला जाते, तर उशीखाली दोन पाव. ती ते उचलते. तू डोळे मिटून पडली आहेस, पण तुझी हनुवटी हलते. ती पाव परत ठेवते. हे तिला कुणी शिकवलंय. ही दोघं स्वीडनची, आणि तिथे दत्तक घेणाऱ्या जोडप्याला सक्तीचा अभ्यासवर्ग करावा लागतो, तिथल्या समाजकल्याण समितीची संमती लागते. पण वर्गात ऐकणं वेगळं, आणि हातात पाव धरून उभं राहणं वेगळं.

तू रडत नाहीस. हे मला तुला आणि तुझ्यामार्फत सगळ्यांना सांगायचं आहे, म्हणून जरा थांबते. तू बुटांसकट झोपतेस. विचारलं की मान डोलावतेस. उचललं तर उचलू देतेस, पण पाय लोंबते ठेवतेस, कमरेभोवती घालत नाहीस. लिफ्टमधल्या अनोळखी बाईंचाही हात धरतेस, कारण तुझ्या मते बायका हात धरण्यासाठीच असतात आणि बदलत असतात. पिवळ्या केसांच्या बाईला तू ‘मावशी’ म्हणतेस. फोन करून ताई विचारतात, ‘रुळली का?’ उत्तर जातं, ‘अगदी शहाणी आहे, काही त्रास नाही.’ हा निरोप ऐकून संस्थेत सगळे सुखावतात. माझं काळीज मात्र अशा निरोपानं धस्स करतं. आपलं सगळं जग एका दुपारी हातातून गेलेलं लेकरू काही त्रास देत नाही, तेव्हा ते रुळलेलं नसतं. ते श्वास रोखून बसलेलं असतं.

संध्याकाळी तुम्ही तिघं रायलादेवी तलावावर जाता. कट्ट्यावर म्हातारे बसलेत. लोक बघतात. गोरं जोडपं, मधे सावळी पोर. एक काकू थेट तुलाच विचारतात, ‘हे कोण गं तुझे?’ अल्बमचा तास आहे असं वाटून तू म्हणतेस, ‘आई. बाबा.’ काकू तोंडाला पदर लावतात आणि शेजारणीला म्हणतात, ‘नशीब काढलं पोरीनं.’ तुझ्यासमोर. जणू तुला मराठी येत नाही. नशीब काय ते तुला माहीत नाही, पण आपल्याबद्दल बोलताहेत हे कळतं, आणि तू उभ्या उभ्या चप्पल काढून पुन्हा घालतेस. दाढीवाल्याला शब्द कळत नाहीत. तुझी चप्पल दिसते. तो तुला वडापाव घेऊन देतो. तू पाव खातेस, वडा हातात धरून ठेवतेस, आणि हॉटेलच्या दारापर्यंत तो तसाच नेतेस. आत नेऊ देतील का, असा तुला प्रश्न असावा. देतात.

त्याच्या खिशात एक वही आहे. त्यात त्यानं संस्थेतून शब्द उतरवून घेतलेत, आपल्या लिपीत: पाणी, शू, दुखतंय, भूक, झोप, नको, पुरे, मी इथेच आहे. शेवटचं वाक्य तो रोज रात्री दिवा मालवल्यावर म्हणतो. अंधारात, वेड्यावाकड्या उच्चारात, ‘मी इथेच आहे.’ त्याला ट आणि त, ठ आणि थ एकच वाटतात. तुला तो हास्यास्पद वाटत नाही. तू ऐकतेस.

मग विमान. ते मी पटकन ओलांडते, कारण तू त्यात झोपूनच आहेस.

स्टॉकहोमला डिसेंबरच्या मध्यावर पावणेतीनला सूर्य मावळतो. तुझ्या अंगावर एकावर एक इतके कपडे आहेत की हात खाली पडत नाहीत. गाडीतून उतरल्यावर तू दोन गोष्टी बघतेस. पहिली म्हणजे खिडक्या. ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यांत इथे घरोघरी खिडकीत कागदाची चांदणी लावतात, आत दिवा सोडून. तू बोट दाखवून म्हणतेस, ‘कंदील!’ विमानात बसल्यापासूनचा हा तुझा पहिला शब्द. दोघं एकमेकांकडे बघतात. हा शब्द वहीत नाही.

दुसरी गोष्ट, लाल घर नाही. समोर तीन मजली करडी इमारत आहे. तू जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबतेस. अल्बममधलं लाल घर उन्हाळ्यात राहायचं, गावाबाहेरचं, स्वीडनमध्ये कितीतरी लोकांकडे तसं असतं. फोटो लावताना त्यांना ते सगळ्यांत सुंदर वाटलं म्हणून लावलं. तुला आता एवढंच दिसतंय, की आपल्याला चुकीच्या जागी आणलंय. आणि तू तेही सांगत नाहीस, पायरी चढतेस. वर कुत्रा आहे. खराखुरा, काळा, ओल्या नाकाचा. तू त्याच्या मानेत तोंड खुपसतेस आणि पुष्कळ वेळ तशीच राहतेस. मुलासाठी अल्बम करणाऱ्यांनो, ज्या दारातून ते पहिल्यांदा आत शिरणार आहे त्या दाराचा फोटो लावा.

दोघंही घरी आहेत. तिथे एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा मिळते, दत्तक मुलासाठीही तितकीच. त्यामुळे घाई नाही. पण घरात दुसरीच एक गोष्ट फार घाईनं चालली आहे, आणि ती कुणाला दिसत नाही. तुझी मराठी निघून चालली आहे. आधी तू मराठीत बोलतेस आणि उत्तर येत नाही. मग बाहुलीशी मराठीत बोलतेस. मग कुत्र्याशी. कुत्र्याला त्यांचीच भाषा कळते असं दिसल्यावर त्याच्याशीही त्यांच्या भाषेत बोलायला लागतेस. पुढच्या दिवाळीपर्यंत तू आकड्यांतसुद्धा अडखळशील. पाचसहा वर्षांचं मूल भाषा जितक्या वेगानं शिकतं, तितक्याच वेगानं टाकतं. कारण भाषा बोलायला समोर माणूस लागतो. फ्रान्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तक मुलांची मोठेपणी तपासणी झाली, २००३ साली ते संशोधन छापून आलं: कोरियन वाक्यं ऐकवली तर मेंदूत ओळखीची खूण उमटत नव्हती. वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

पण पुढचंही सांगते, ते तुझ्याच बाबतीतलं आहे. अमेरिकेत दत्तक गेलेल्या भारतीय मुलांवर लेहर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडला आपल्या त आणि ट मधला फरक. इंग्रजी कानाला तो ऐकूच येत नाही. या मुलांनाही आधी येईना. सोबतच्या अमेरिकन मुलांइतकीच तीही गोंधळली. मग थोडासा सराव दिला. अमेरिकन मुलं होती तिथेच राहिली, आणि वर्षानुवर्षं एक भारतीय शब्द न ऐकलेल्या या मुलांना फरक कळायला लागला. हॉलंडमध्ये कोरियन दत्तकांबाबतही तेच आढळलं आहे. म्हणजे मावशीनं वेणी घालताना जे काही तुझ्या कानात बोललं, ते कुठे तरी आहे. तुझ्या आईबापांना हे कळायला हवं, म्हणजे ते वही फेकणार नाहीत.

हे सगळं योग्य की अयोग्य, तो वाद तुझ्या डोक्यावरून चालूच राहणार आहे. २०२१ मध्ये हॉलंड आपल्या जुन्या परदेशी दत्तकांची चौकशी करून नवी दत्तकं थांबवील. २०२४ मध्ये डेन्मार्कमधली शेवटची संस्था काम आवरेल. २०२५ मध्ये स्वीडनच्या चौकशी आयोगाची शिफारस येईल की हे बंद करा. आपल्याकडे २०२२ पासून दत्तकाचा हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडून निघायला लागेल. या चौकश्या हव्याच होत्या, उशिरा झाल्या. पण तू तर आत्ताच, या जिन्यानं, या घरात आली आहेस. कायदा पुढची दोन वर्षं तुझी खुशाली मागवेल: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. अहवालात वजन असतं, उंची असते, दातांचं असतं.

एका रविवारी त्यांना एक चांगली कल्पना सुचते. शहरात मराठी माणसं आहेत. एका काकूंना त्यांनी घरी बोलावलंय. काकू आनंदानं आल्यात, मेतकूट आणि मऊ भात घेऊन, वर साजूक तूप. थंडीत तासभर प्रवास करून आल्यात. दारातच बूट काढता काढता त्या तुला हाक मारतात, ‘काय गं बाई, कशी आहेस? इकडे ये बरं!’

तू पांढरीफटक पडतेस.

मोठ्यांच्या उंचीवरून हे कधीच कळलं नसतं, म्हणून मी तुला इतकं खाली आणलं. तुझ्या आयुष्यात मराठी बोलणारी, गोड बोलणारी, नवी बाई दारात आली, की त्यानंतर तुझी जागा बदलते. असंच होत आलंय, दर वेळी. अशाच एका बाईंनी तुला समितीकडे नेलं. अशाच एकींनी संस्थेत आणलं. ताईही अशाच गोड बोलायच्या. तू टेबलाखाली शिरतेस. काकू वाकून म्हणतात, ‘अगं, घाबरतेस काय, मी तुला खाणार आहे का?’ तू पिवळ्या केसांच्या बाईच्या पायाला मिठी मारतेस, दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, पहिल्यांदाच पायांनीसुद्धा. आणि ओरडतेस, ‘माम्मा!’

काकूंचा चेहरा उतरतो. बाई खाली बसते, तुला तिथेच टेबलाखाली कवेत घेते आणि वर बघून इंग्रजीत काकूंना म्हणते की माफ करा, तिला वाटतंय तुम्ही तिला न्यायला आलात. काकूंना ते ऐकून आधी धक्का बसतो, मग त्या दोन पावलं मागे सरतात, अगदी भिंतीपर्यंत. डबा टेबलावर ठेवतात. तुझ्याशी एक शब्द न बोलता कोट चढवतात. जिन्यातून दाढीवाल्याला सांगतात, पुढच्या वेळी तुम्ही तिघं माझ्याकडे या, म्हणजे परत आपल्या घरी जाता येतं हे तिला दिसेल. फार शहाणी बाई.

दार लागतं. कुत्रा डब्याकडे बघून शेपूट हलवतो. तू टेबलाखालून निघतेस, खुर्चीवर चढतेस, डब्याचं झाकण काढतेस. वास येतो. तू हातानं खातेस, उभ्यानं, भराभर, तूप कोपरापर्यंत ओघळतं. आणि बाई नॅपकिन घ्यायला म्हणून हात पुढे करते, तेव्हा तुला वाटतं डबा चालला.

तू डबा जमिनीवर आपटतेस. भात कुत्र्याच्या अंगावर उडतो. मग तोंडातून जे निघतं, ते सगळं मराठीत आहे: नको, माझा आहे, मला मावशी पाहिजे, हे घर खोटंय, लाल घर कुठाय, तू जा, तू जा. नाक वाहतंय, पाय आपटताहेत, खालच्या मजल्यावरचं कुणी तरी काठीनं छताला ठोकतंय. दाढीवाला वही काढून पानं उलटतो, त्यातलं एकही तिथे नाही, फक्त ‘नको’ सापडतं. बाई भातात मांडी घालून बसलीय. ती तुला गप्प करत नाही. तू तिच्या पाठीवर बुक्के मारतेस आणि ती म्हणते, ‘मी इथेच आहे,’ ठ आणि थ ची सरमिसळ करून. तू आणखी जोरात ओरडतेस. ओरड. आता घाई नाही कुणाला.